चुऱ्याची वही

भोर-वेल्ह्यात बोअर मारायचं ठरलं की पहिल्या दिवसापासून पैशांचं बोलणं होतं. दगडाचं बोलणं निघतं ते बोअर कोरडं गेल्यावर. माझं काम दगडाचं आहे. भूजलाच्या पाहणीसाठी मी या दोन तालुक्यांत वर्षानुवर्षं फिरते आहे. ज्यांच्या वर्गणीतून भोक पडतं, त्यांना त्या भोकातून काय निघालं हे कधीच कळत नाही, ही गोष्ट मला फार काळ सलत आली आहे. एका वाडीने ते कळून घ्यायचं ठरवलं. त्या वाडीत काय झालं ते सविस्तर लिहावंसं वाटतं.

बाहेरच्या माणसाला इथली तहान पटत नाही. वेल्ह्याच्या घाटमाथ्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणं वेल्हे तालुक्यात, ज्याला सरकारदरबारी आता राजगड म्हणतात. भाटघर आणि नीरा देवघर भोरमध्ये. पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यातून पुण्याला जातं, भाटघरचं नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसपर्यंत पोचतं. आणि धरणाच्या पाणफुगवट्याकडे तोंड करून बसलेल्या वाड्यांत होळी झाली की हंड्यांची रांग लागते. पाणी खाली दरीत दिसतं, घरं वर डोंगराला.

याचं कारण खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यातून हा सगळा मुलूख घडला, राजगड-तोरण्याच्या कड्यांसकट. थराचा गाभा म्हणजे काळा पाषाण. त्यात चीर असेल तर पाणी, नसेल तर थेंब नाही. थराच्या माथ्याला वायूच्या बुडबुड्यांनी छिद्रं पडलेली आणि ती पुढे पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेली, त्याला इथे मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या झिजला, तडकला की त्यात पाणी साठतं. दोन थरांच्या मध्ये कधी गेरूचा तांबडा पट्टा असतो. तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वरच्या अंगाने डोंगरात झरे फुटतात. म्हणजे आपल्याकडे जमिनीखाली पाण्याचा सलग साठा नाही. कप्पे आहेत, बरेचसे उथळ, आणि एका कप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत कोरडा कातळ.

ही वाडी गुंजवणीच्या खोऱ्यात आहे. नाव देत नाही, तिथल्या माणसांचं तसं म्हणणं आहे. भाताची खाचरं, वर वरई-नाचणीचे तुकडे, घरटी एक-दोन माणसं पुण्याला किंवा शिरवळच्या कारखान्यांत, काही मुंबईला माथाडीत. वेल्ह्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने बायकांच्या बचत गटांचं काम चिकाटीने केलं आहे, त्यामुळे पैसा मोजून ठेवायची, लिहून ठेवायची सवय इथल्या बायकांच्या हाताला आहे. या बोअरची वर्गणी निम्मी गटांतून आली. उरलेली इंद्रायणी तांदूळ विकून आणि मुंबईकरांकडून.

वाडीत आधी एक बोअर झालेलं होतं आणि ते कोरडं गेलं होतं. त्याची आठवण सगळ्यांच्या मनात ठसठसत होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या बोअरची काही माहिती आहे का, असं विचारलं. एका घरातल्या ट्रंकेतून बिल निघालं. ३२० फूट खोदाई, ६० फूट केसिंग, पुढे रक्कम. दगडाबद्दल त्यावर एक अक्षर नाही. कितव्या फुटाला मुरूम संपला, ओल कुठे लागली, गेरू लागला की नाही, काहीच नाही. वाडीने तीनशे वीस फूट जमिनीत डोकावून पाहिलं होतं आणि त्या पाहण्यातलं घरी काय आलं, तर एक बिल.

यात बोअरच्या गाडीवाल्यांना दोष देऊन भागत नाही. बोअरचा व्यवहारच फुटावर चालतो. दर फुटाचा, आणि तीनशे फुटांच्या पुढे तो टप्प्याटप्प्याने चढत जातो. केसिंगचा दर वेगळा. खोदणाऱ्याला पाणी लागलं तरी तेवढेच पैसे, नाही लागलं तरी तेवढेच. खोल जाण्यात त्याचं नुकसान काही नाही. सगळी जोखीम वर्गणीदाराची. त्याला धीर द्यायला एजंट म्हणतो, ‘आणखी शंभर फूट मारा, पाणी आहे खाली.’ तहानलेल्या माणसाला हे वाक्य खरं वाटतं.

बैठक मंदिराच्या ओसरीत झाली. पहिला वाद मताचा. ज्यांनी जास्त वर्गणी भरली त्यांना जास्त मतं हवी होती. शेजारच्या पुरंदर तालुक्यात, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला बंदी. खर्चातला वीस टक्के वाटा सभासदांचा. ओसरीतल्या दोघातिघांनी हे नायगावला जाऊन पाहिलेलं होतं. त्यांनी ते सांगितलं, आणि घरटी एक मत असं ठरलं. जास्त वर्गणी भरलेल्यांपैकी एक गृहस्थ त्याच वेळी उठून गेले. पैसे मात्र त्यांनी परत मागितले नाहीत.

मग खरा वाद निघाला: खोदायचं कसं?

शिरवळला कारखान्यात असलेल्या पोराचं म्हणणं सरळ होतं. “हॅमरची गाडी बोलवा. सकाळी येईल, संध्याकाळी मोकळी. चारशे फूट मारू, विषय संपला.”

कोपऱ्यात बसलेले तात्या म्हणाले, “तेच केलंवतं की मागच्या बारीला. काय गावलं? भुकटी उडाली अन् पैसं गेलं. दगड डोळ्यानं दिसला पायजे.”

तात्या तरुणपणी एका धरणाच्या पायाच्या तपासणीवर हेल्पर होते. तिथे कोअर काढतात. पोकळ नळी, तिच्या तोंडाला हिऱ्याचे बारीक कण बसवलेलं बीट. ती गरगर फिरत खाली जाते, आतला दगड फुटत नाही, अखंड दांडका बनून नळीत शिरतो. तो बाहेर काढून खाचा असलेल्या लाकडी पेटीत ओळीने मांडायचा आणि शेजारी खोली लिहायची. तात्यांनी अशा पेट्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. चिरेवर गंजाचा पिवळट डाग असला की तिथून पाणी जातं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते पाहून पाहून ओळखलं होतं. या माणसाला मी भूवैज्ञानिकच मानते.

“मग ते हिऱ्याचं यंत्र आणायला काय हरकत आहे?” बायकांतून प्रश्न आला.

हरकती मी सांगितल्या. हॅमर तासांत उरकतो त्या कामाला कोअरला दिवस लागतात. खर्च कितीतरी पट. बीट थंड ठेवायला सतत पाणी लागतं, म्हणजे जिथे प्यायला पाणी नाही तिथे खोदायला टँकर आणायचा. आणि एवढं करून भोक पडतं तीन इंचांचं, त्यात पंप उतरत नाही. माहिती पुरेपूर मिळते, पाणी उपसता येत नाही.

इथे मला माझ्या एका वर्गमित्राचं बोलणं आठवलं आणि मी ते ओसरीत सांगितलं. तो बुंदेलखंडात हिऱ्यांच्या शोधाच्या कामावर होता. पन्न्याजवळ मझगवाँला एनएमडीसीची हिऱ्यांची खाण आहे. हिऱ्याच्या धंद्यातही खोदाईच्या पद्धतीवरून असाच वाद असतो. कोअर काढला की किंबरलाइट खडक कुठे आहे, किती खोल आहे, कसा पसरला आहे ते कळतं. पण खडकात हिरे फार विरळ असतात. तेव्हा मनगटाएवढ्या दांडक्यात हिरा दिसला नाही म्हणून खडक वांझ ठरत नाही, आणि एखादा दिसला म्हणून खाण श्रीमंत ठरत नाही. त्यासाठी मोठ्या व्यासाचं भोक पाडून टनांनी माल काढावा, धुवावा लागतो. ठोके देणारं यंत्र लावलं तर मोठा हिरा आतच फुटतो आणि त्याची किंमत जाते. परदेशांत अशा लहान लहान शोध कंपन्यांत निवृत्त मास्तर, दुकानदार अशी माणसंही चार पैसे घालतात. कंपनीने कोणतं यंत्र लावलं यावर ती माणसं तावातावाने बोलतात, असं तो सांगायचा. त्याला ते फार योग्य वाटायचं. मलाही वाटतं. यंत्र बदललं की आकड्याचा अर्थ बदलतो, आणि हे ज्याला कळलं त्याला फसवणं अवघड.

तात्यांनी ऐकून मान डोलावली. “म्हंजी हिऱ्यावाल्याला दोन यंत्रं लागत्यात. आपल्याला एकच परवडतंय.”

तिसरं मत मावशींचं. मावशी बचत गटाच्या अध्यक्ष, गटाची वही गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे. त्यांना बोअरच नको होतं. वाडीच्या खालच्या अंगाला जुनी विहीर आहे, सत्तावीस फुटांची, कधीकाळी तळाला काळा पाषाण लागला म्हणून तशीच सोडलेली. ती खोल करा, तळाशी आडवे बोअर मारा, असं त्या सांगत होत्या. “हिरीत पाणी किती हाय ते कुणालाबी वाकून दिसतंय. लाइट गेली तर दोरीनं शेंदता येतंय. बोअरचं काय, आत कोण बघतंय?” यावर पोरगा म्हणाला, की विहीर एप्रिलात आटते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यावर मावशींकडे उत्तर नव्हतं, पण त्यांनी मतही बदललं नाही.

आणखी खोल गेलं तर कधी ना कधी पाणी लागणारच, खाली पाताळगंगा आहे, ही समजूत तर सगळीकडे आहे. मी त्यांना दोन ठिकाणच्या बोअरांची गोष्ट सांगितली. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. आपला काळा खडक तिथे ३३८ मीटरांवर संपला आणि खाली त्याहून जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा कठीण खडक लागला. इकडे दक्षिणेला कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी दीड-दीड किलोमीटर खोल बोअरं घेऊन कोअर काढला, पुढे आणखी एक तीन किलोमीटरपर्यंत नेलं. तिथे काळा खडक जवळजवळ किलोमीटरभर जाड आणि त्याखाली पुन्हा ग्रॅनाइटच. समुद्र नाही, गंगा नाही. जितकं खोल जावं तितक्या चिरा मिटत जातात. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात साठ मीटरांपुढच्या विहिरीला खोल विहीर मानून शेतीसाठी आणि उद्योगासाठी तिला आडकाठी घातली आहे, त्यामागे हेही शहाणपण आहे.

वाद मिटला तो असा: हॅमरच लावायचा, पण तात्यांच्या डोळ्यांनी. हॅमर दगडाचा चुरा करतो हे खरं, पण चुराही दगडच आहे. कॉम्प्रेसरची हवा तळाशी हॅमरला ठोके द्यायला लावते आणि तीच हवा चुरा वर फेकते. तो वाऱ्यावर न सोडता धरला, कितव्या फुटाचा ते लिहिलं, तर कोअरइतकं नाही तरी पुष्कळ कळतं. या यंत्रांनी महाराष्ट्राची तहान एकदा भागवलेलीही आहे. १९७२ च्या दुष्काळात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, कातळात हॅमरची बोअरं झाली, आणि त्यांवर बसवायचा सोलापूर पंप पुढे देशभर पसरलेल्या इंडिया मार्क टू हातपंपाचा आधार ठरला. यंत्र वाईट नाही. नोंद न ठेवता चालवलेलं यंत्र वाईट.

गाडीवाल्याशी साध्या कागदावर करार झाला. दर दहा फुटांचा चुरा वाडीच्या माणसांच्या हाती द्यायचा. रॉड बदलताना वेळ सांगायची. केसिंग किती टाकायचं ते वाडीला विचारून. दोनशे फुटांपुढे जायचं नाही. आणि थांबा म्हटलं की थांबायचं. एजंट नाराज होता, पण वर्गणीदार सगळे समोर उभे होते. जागेसाठी मी उतारावर विद्युत प्रतिरोधाची मापं घेतली होती. पाणाड्यांनी दाखवलेली जागा त्याच पट्ट्यात आली, तेव्हा तिथेच नारळ फुटला.

गाडीवरची पोरं तमिळनाडूची होती. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे या धंद्याचं गाव. तिथल्या गाड्या देशभर फिरतात. ड्रिलर मध्यम वयाचा, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा, आणि कानाचा पक्का. हॅमरचा आवाज बदलला की चुरा वर यायच्या आधीच तो मान वर करायचा. तात्या त्याच्या शेजारी उभे राहिले आणि दोघांचं भाषेवाचून जमलं.

मावशींनी वही उघडली. ताडपत्रीवर खडूने दहा-दहा फुटांचे चौकोन आखले होते. एक पोरगी पत्र्याच्या सुपात चुरा धरायची, दुसरी पिठाच्या चाळणीत पाणी ओतून तो धुवायची, तिसरी चौकोनात ढीग ठेवायची. वीस फुटांचा रॉड संपला की मोबाईलवर वेळ बघून मावशी लिहायच्या. पहिले ढीग पिवळे-तपकिरी, मुरुमाचे. अठरा फुटांना रंग राखाडी झाला, खडे टोकदार यायला लागले. पक्का खडक लागला होता.

केसिंगचा वाद इथे पेटला. बोअरच्या वरच्या भागात मोठं भोक पाडून त्यात पाइप बसवतात आणि मग पुढे साडेसहा इंची बीट चालवतात. म्हणजे केसिंगचा निर्णय सुरुवातीलाच करावा लागतो. ड्रिलरला साठ फूट हवं होतं. त्याची बाजूही खोटी नव्हती. वरचा भाग ढासळला किंवा गेरू फुगून हॅमर अडकला तर ते हत्यार जमिनीतच राहतं, आणि ते महाग असतं. पण साठ फूट पाइप टाकला की साठ फुटांच्या आतलं पाणी पाइपच्या बाहेर राहतं. आपल्या डोंगरात पाणी बहुतेक त्याच आतल्या अंतरात असतं. तात्यांनी ताडपत्रीवरचा राखाडी ढीग उचलून ड्रिलरच्या तळहातावर ठेवला. दगड पक्का आहे, हे त्याला बोलून सांगावं लागलं नाही. त्याने बोटांनी चुरा चोळला, विचार केला आणि वीस फुटांवर केसिंग थांबवलं. ट्रंकेतल्या बिलावरचा ६० हा आकडा तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आला असणार. मागच्या बोअरचं वरचं पाणी पाइपनेच अडवलं असावं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

अडतीस फुटांना धुरळा बसला. चुरा दमट यायला लागला, मग घट्ट लगदा, मग हवेबरोबर पाण्याचे फवारे. चाळणीत पांढरे, हिरवट कण चमकले. “मांजऱ्या!” तात्या एवढंच म्हणाले. हा थर शेहेचाळीस फुटांपर्यंत होता. पुढे पुन्हा काळा पाषाण, आणि रॉडला लागणारा वेळ दुपटीहून वाढला. पाणी लागल्यावर चुऱ्याच्या नोंदीवर पूर्ण विसंबता येत नाही. वरचा-खालचा माल मिसळतो, ढीग थोडा उशिरा वर येतो. ते मी मावशींना सांगितलं आणि त्यांनी वहीत तिथे तशी खूण केली. अशा वेळी रॉडला लागलेला वेळ जास्त भरवशाचा. १२४ फुटांच्या आसपास लगदा विटकरी झाला: गेरू. त्याखाली थोडा मांजऱ्या, पाण्यात किंचित भर.

पाणी मोजायला पत्र्याची व्ही नॉच, म्हणजे व्हीच्या आकाराची खाच, लावली. गावोगाव ‘दोन इंच पाणी लागलं’ असं सांगतात. ते हे नॉचमधून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीचे इंच, आणि त्यांचा हिशेब लोकांना कुणी समजावत नाही. काटकोनी नॉचवर एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर. दोन इंच म्हणजे १,००० नव्हे, सुमारे २,९०० लिटर. इंच दुप्पट झाले की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं. उलटंही तितकंच खरं: दोनाचा एक झाला की पाणी निम्मं राहत नाही, पाचव्या हिश्श्याच्या खाली येतं. एखादा एजंट ‘फक्त अर्ध्या इंचाचा फरक आहे’ म्हणतो तेव्हा तो किती मोठा फरक लपवतो, हे त्या दिवशी पोरींनी फळीवर हिशेब करून पाहिलं.

आपल्याकडे नॉचवर सव्वा इंच होतं. १६० फूट झाले. एजंट म्हणाला, आणखी चाळीस मारा, दोनशे तर ठरलेच आहेत. शिरवळचा पोरगाही म्हणाला, एवढ्यावर कसं थांबायचं? मावशींनी कुणालाच उत्तर दिलं नाही. त्या ताडपत्रीशी गेल्या आणि शेवटचे तीन ढीग पायाच्या बोटाने दाखवले. तिन्ही काळे, तिन्ही सारखे. वहीतला शेवटच्या रॉडचा वेळही जास्तच. नॉचवरची रेघ हललेली नाही. हात वर करून मतं घेतली आणि गाडी थांबली. त्या पोराने स्वतः हात वर केला, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याला फळीवरचा हिशेब पटला होता.

एवढ्यावर काम संपलं असतं तर वाडीला एक बेताचं बोअर मिळालं असतं. पण तात्या रात्रभर वहीतल्या ३८ आणि ४६ या आकड्यांवर अडले होते. सकाळी त्यांनी गवंड्याकडून लेव्हलची नळी मागवली, ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, जिने पायाची पातळी काढतात. बोअरच्या तोंडापासून खालच्या विहिरीपर्यंत खुंट्या ठोकत, दर खुंटीला पाण्याची पातळी जुळवत, सगळी वाडी नळी धरून उतारावरून उतरली. विहिरीचा काठ बोअरच्या तोंडापेक्षा नऊ फुटांनी खाली निघाला. आपल्याकडचे थर जवळजवळ आडवे असतात. म्हणजे अडतीस फुटांवरचा मांजऱ्या विहिरीत एकोणतीस फुटांवर यायला हवा. आणि विहीर सत्तावीसवर थांबलेली. पाणवाल्या थराच्या दोन फूट वर.

मावशी काही बोलल्या नाहीत. पदर खोचून त्यांनी वहीत नवं पान उघडलं आणि विहिरीच्या कामाची वर्गणी कुणाकडून किती यायची ते लिहायला घेतलं.

वैशाखात यारी लागली. ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरने पाषाण फोडला. दुसरा फूट खणून झाला आणि तिसऱ्यात पश्चिमेच्या भिंतीकडून झरा फुटला. पुढे थर संपेपर्यंत नेलं, दोन बाजूंना आडवे बोअरही मारले. विहीर बारमाही झाली असं मी म्हणणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचं पाणी गुडघ्याच्या खाली जातं. पण एप्रिलात आटत नाही, आणि प्यायला पुरतं.

यातून एक नवीनच प्रश्न उभा राहिला आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बोअर आणि विहीर एकाच थरातून पाणी घेतात. बोअरचा पंप चालला की विहीर उतरते. हे कुणी तर्काने सांगितलं नाही. गटातल्या बायका पंप चालू करताना आणि बंद करताना विहिरीत दोरी सोडून फूट मोजतात आणि वहीत लिहितात, त्यातून ते दिसलं. पावसाळ्यानंतर काठोकाठ असताना फरक जाणवत नाही, फाल्गुनापासून जाणवतो. यंदा शिमग्याला मुंबईकर आले तेव्हा मोठ्या पंपाची मागणी झाली. दीड एचपीच्या जागी तीन. वर्गणी द्यायलाही ते तयार होते. ओसरीत पुन्हा आवाज चढले. मावशींनी मागच्या तीन उन्हाळ्यांचे आकडे मोठ्याने वाचले. मोठा पंप आला नाही. होळीनंतर बोअर फक्त टाकी भरण्यापुरतं, सकाळी, आणि भाजीपाल्याला बंद, असं ठरलं. ज्यांनी उन्हाळी भाजी लावली होती ते रागावले आणि त्यांचं नुकसान खरंच झालं. त्यांना गटातून काही भरपाई द्यावी का, यावर अजून एकमत नाही. मला वाटतं द्यावी.

आता वरच्या वाडीला बोअर हवं आहे. त्यांचे वर्गणीदार गाडी ठरवायच्या आधी वही मागायला आले. त्यांनी पहिल्या पन्नास फुटांचं पान हाताने उतरवून घेतलं. त्यांची वाडी उंचावर, गेरूच्या पट्ट्यालगत, आणि तिथे एक जुना झरा आहे. त्यांच्यातल्या काहींना बोअर मारून पट्टा फोडला तर झरा जाईल अशी भीती वाटते, आणि ती भीती बरोबर आहे. शिवाय खालची विहीर आता सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची. तिच्यापासून पाचशे मीटरांच्या आत नवं बोअर घ्यायला कायद्याची आडकाठी आहे. अंतर मोजायचं बाकी आहे. काहींचं म्हणणं झऱ्याला बांधीव टाकी करा आणि पाइपने घरोघर आणा, बोअर नकोच. काहींना वाटतं खालच्या वाडीला मिळालं, मग आपण का मागे राहायचं? तात्यांना त्यांनी बोलावलं आहे. सोमवारी बैठक आहे, मीही जाणार आहे, आणि अंतर मोजायची टेप बरोबर नेणार आहे.